द्वितीय वर्गातला पाळणा

माझे काका कोर्टात कारकून होते, आणि कुठलीही गोष्ट कुठल्या तरी वर्गात बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कोर्टात न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग असतात, द्वितीय वर्ग असतात. ती विद्या त्यांनी घरी आणली. आंब्याची पेटी उघडली की तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि प्रथम, द्वितीय, तृतीय असे ढीग लावायचे. पाहुण्यांचंही तेच, फक्त पाहुणे गेल्यावर. आळीतल्या लोकांना यात मोठी हुशारी दिसायची. लहानपणी मलाही दिसायची. पुढे कळलं की आंबा खाताना काकांचं लक्ष आंब्यात कधी नसायचंच. ते कोयीपर्यंत पोचायच्या आत निकाल सांगून मोकळे व्हायचे.

पण आंबे आणि पाहुणे हे आपले वरवरचे. त्यांची खरी सत्ता चालायची ती मीनाबाजारातल्या पाळण्यांवर.

दिवाळी उलटली की भिवंडीत गावाबाहेरच्या मैदानात मीनाबाजार लागायचा. आकाशपाळणा, साखळीचे पाळणे, लाकडी घोड्यांचं चक्र, मुलांची आगगाडी, मौत का कुआँ. गाव यंत्रमागांचं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी मैदानात मुंगीला शिरायला जागा नसायची. आम्ही शुक्रवारी कधीच गेलो नाही. काका म्हणायचे, "त्या दिवशी नको. लूमवाल्यांची गर्दी असते." आम्ही मंगळवारी नाहीतर बुधवारी जायचो. निम्मे पाळणे गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असायचे, आणि काका हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरायचे, जणू पाळण्यांची परेड आहे.

आमचं एकत्र घर. आईबाबा, मी, काका आणि काकू. काकांना मूल नव्हतं, म्हणून त्यांचे वर्ग ऐकायला मीच एक होते. मौत का कुआँ प्रथम वर्ग. त्यात आपण काहीच करायचं नसतं, वरून वाकून मोटारसायकलवाल्याकडे बघायचं असतं, तरी प्रथम वर्ग. आकाशपाळणा प्रथम वर्ग. साखळीचे पाळणे द्वितीय. घोडे आणि आगगाडी तृतीय, म्हणजे बायकामुलांचे. वर्ग ठरला की कोणी कुठे बसायचं तेही ठरायचं. काका आणि बाबा आकाशपाळण्यात. आई, काकू आणि मी घोड्यांवर. आई आणि काकू साड्या सावरत लाकडी घोड्यांवर तिरक्या बसायच्या, आणि पिपाणीच्या सुरात आम्ही गोल गोल फिरायचो.

काका घाबरट होते असं मात्र म्हणता येणार नाही. तसं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. ते प्रत्येक पाळण्यात बसायचे. पण बसायचे ते साहेब तपासणीला येतो तसे. चेहरा कोरा, एक हात दांडीवर, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे नजर. आजूबाजूची माणसं किंचाळतायत, हसतायत, देवाचं नाव घेतायत, आणि मधे आमचे काका. खाली उतरले की म्हणायचे, "गेल्या वर्षीपेक्षा सुस्त आहे." त्यांना कुठल्या पाळण्यात हसताना मी पाहिलं नाही.

तेव्हाचा आकाशपाळणा लाकडी होता आणि हातानं फिरवायचे. दोन गडी मधल्या दांड्यांवर चढायचे, अंगाचं वजन टाकून एक बाजू खाली आणायचे, टुणकन उडी मारून पुन्हा वर. मग एका वर्षी शेजारी मोटरवरचा लोखंडी आकाशपाळणा उभा राहिला, दिव्यांच्या माळा लावलेला. काका त्यातून उतरले आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी लाकडी पाळण्याला तृतीय वर्गात घातलं.

"पण काका," मी म्हटलं, "गेल्या वर्षी तर तुम्ही तो प्रथम म्हणाला होतात."

"गेल्या वर्षी मोटर नव्हती."

"मग तो लहान झाला का?"

"तुला कळायचं नाही. दर्जा हा तुलनेनं ठरतो."

माझा फायदा एवढाच झाला की लाकडी आकाशपाळणा बायकामुलांच्या यादीत आला आणि मला त्यात बसायला मिळालं. पाळणा तोच होता, गडी तेच होते. वरून गावातली कौलं, पत्रे, लांबवर पाण्याचा चमकता पट्टा दिसला. मी खाली येऊन काकूला हे सगळं सांगितलं. तिला त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून ती बसली नव्हती. "पाणी दिसलं? आपली खाडी?" तिनं विचारलं. ती खाडीकाठच्या गावातली. "पुढच्या वर्षी बसेन," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी लाकडी पाळणा आलाच नाही. ज्याला कोणी तृतीय वर्ग म्हणतं त्याच्यात गिऱ्हाईक बसत नाही, आणि ज्याच्यात गिऱ्हाईक बसत नाही त्याला कोण ट्रकात घालून आणणार. काका एकटेच तसं म्हणत होते असं नव्हे. सगळा गाव म्हणत होता. काकांना मात्र तो आपल्या निकालाचा परिणाम वाटला.

मग दंगल झाली आणि गावाचीच तब्येत बिघडली. एक-दोन वर्षं मैदान रिकामं राहिलं. जिथं रात्री लूमचा आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नसे तिथं सगळं चिडीचूप असायचं. अशा दिवसांत कोणी पाळण्यांबद्दल बोलेल असं वाटत नाही ना? काका बोलायचे. ओसरीवर बसून बाबांना सांगायचे की सुरतेकडे म्हणे मोठी डुलणारी बोट आली आहे, तिला कुठल्या वर्गात घालावं याचा विचार करायला हवा. बाबा हूं हूं करायचे. धाकट्या भावाला गप्प बस म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, कारण घरात इंग्रजी अर्ज लिहिता येणारे काकाच.

मीनाबाजार पुन्हा यायला लागला तेव्हा मी कॉलेजात होते. बोट आली, आणि गरगर फिरणाऱ्या कपबश्या आल्या. काकांची मोजपट्टी बदलली. आधी उंची मोजायचे, मग मोटर बघायचे, आता म्हणायचे, "उंचीला काय अर्थ आहे? झटका किती बसतो ते बघायचं." त्यामुळे लोखंडी आकाशपाळणा प्रथम वर्गाच्या शेवटी घसरला, पण अजून प्रथमच होता. साखळीचे पाळणे मात्र होते तिथेच, द्वितीय वर्गात. वर एक मोठी छत्री, तिच्यातून साखळ्या लोंबतायत, प्रत्येक साखळीला एकेक पत्र्याची खुर्ची. छत्री फिरली की खुर्च्या बाहेरच्या बाजूला उडतात. काका म्हणायचे, "बायकांना झेपेल असा सभ्य खेळ आहे."

त्या वर्षी आई माहेरी गेली होती. काका, बाबा, काकू आणि मी असे गेलो. फाटकातून आत शिरल्या शिरल्या काकू म्हणाली, "मी आकाशपाळण्यात बसणार."

काका थांबले. "कुठल्या?"

"एकच आहे की. तो."

"तुला झेपायचं नाही."

"झेपतं की नाही ते बसल्यावर कळेल."

"बसल्यावर कळून काय उपयोग? चक्कर आली तर मधे थांबवणार आहेत का?" मग बाबांकडे वळून, जणू काकू तिथे नाहीच, "दादा, ह्या दोघींना साखळीच्या पाळण्यात बसवतो. द्वितीय वर्ग आहे, काळजी नाही."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होते, पण तिनं माझा हात दाबला. एवढ्या माणसांत नको, असा. आम्ही साखळीच्या पाळण्यात बसलो. ती माझ्या पुढच्या खुर्चीत होती. छत्री फिरायला लागली, वेग घेतला, खुर्च्या उडायला लागल्या. काकूचा अंबाडा सुटला आणि ती चक्क हसत होती. मागे वळून मला ओरडून म्हणाली, "बरंय गं हे!"

त्यानंतर तिची साखळी वरच्या आकड्यातून निसटली.

मला ते पडणं सलग आठवत नाही. खुर्ची तिरकी झाली, काकू बाजूला गेली आणि मग ती माझ्यापुढे नव्हती. ती भजीवाल्याच्या ताडपत्रीवर आदळली आणि तिथून खाली. पाळणा थांबेपर्यंत मी तिच्यावरून दोनदा फिरून गेले. ताडपत्रीमुळे जीव वाचला असं डॉक्टर म्हणाले. मांडीचं हाड मोडलं. बरेच महिने ती पडून होती. उठली तेव्हा तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला होता आणि गुडघ्यात नीट वाकत नव्हता.

दवाखान्यात एका गोष्टीचा उलगडा झाला. मीनाबाजाराच्या माणसानंच बाबांना सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. आकाशपाळण्याचे नट-बोल्ट रोज सकाळी बघायचे. बोटीचे रोज बघायचे. साखळीच्या पाळण्याचे? तो म्हणाला, "वो तो लेडीज झूला है साहब, उसको क्या होता है." म्हणजे काकांसारखी अक्कल चालवणारी माणसं तिथेही होती. ज्याला कमी दर्जाचा ठरवला त्याच्याकडे बघायचं नाही, आणि बायकांना नेमकं त्यातच बसवायचं. धोक्याचं म्हणून जे होतं ते रोज तपासून धड ठेवलेलं, आणि बिनधोक म्हणून जे होतं ते गंजलेलं.

मला वाटलं, आता काका हा नाद सोडतील. काकू घरी आली, बाहेरच्या खोलीत तिची कॉट टाकली. भेटायला माणसं यायची. काका प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "मी त्या पाळण्याचा दर्जा बदलला. आता तो प्रथम वर्गात."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. समोर कोर्टातले त्यांचे दोन सहकारी बसले होते आणि माना हलवत होते. प्रथम वर्गात! माणूस मारता मारता राहिला म्हणून त्या गंजक्या छत्रीला बढती!

काकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "आणि मला कुठल्या वर्गात घातलंत?"

सहकारी हसले. त्यांना तो विनोद वाटला. काकाही हसले.

पुढच्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर मीनाबाजारात गेले, शुक्रवारी गेले. साखळीच्या पाळण्यासमोर सगळ्यात लांब रांग होती. पाळण्यावर नवी पाटी, लाल रंगात कवटी आणि 'खतरनाक झूला'. एका बाईचा पाय मोडला ही बातमी गावभर झाली होती आणि पाळणेवाल्यानं तिचं सोनं केलं होतं. जवान पोरं शर्टाची बटणं उघडी टाकून रांगेत उभी होती. बायकांना त्या पाळण्यात मनाई होती. घरी येऊन मी हे सांगितलं तर काका समाधानानं म्हणाले, "बघ, त्यांनाही पटलं."

त्या दिवसापासून मी काकांशी कामापुरतंच बोलू लागले. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

नव्वदनंतर मी गावातच शाळेत शिक्षिका झाले. त्याच सुमाराला मुंबईच्या बाजूला पाळण्यांचं आणि पाण्यातल्या खेळांचं मोठं पार्क झालं आणि आमच्या शाळेची सहल तिथे गेली. सोबत कोणीतरी पोक्त माणूस हवं म्हणून मुख्याध्यापकांनी निवृत्त झालेल्या काकांना नेलं. मला विचारलं नाही. तिथे प्रत्येक राइडसमोर रंगीत पाटी होती. किड्स, फॅमिली, थ्रिल. शेजारी उंची मोजायची पट्टी. जे मूल पट्टीला डोकं लावू शकलं ते थ्रिल, जे शकलं नाही ते किड्स. काका त्या पाट्यांसमोर देवळात उभे राहावं तसे उभे राहिले. "माझीच पद्धत," ते म्हणाले. "फक्त ह्यांनी इंग्रजीत केली." मुलं पाण्यात डुंबत होती, आणि काका पाट्या वाचत उन्हात हिंडत होते. आकाशपाळण्यासमोर 'फॅमिली' असं लिहिलेलं पाहून क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग सावरून म्हणाले, "बरोबर आहे. काळाप्रमाणे व्हायचंच."

परत आले ते बदलून. आता मराठी वर्ग गेले, इंग्रजी आले. आणि लवकरच त्यांना पाळणेही मिळाले.

गावाबाहेर मानकोलीला एका आगरी शेठची नाक्याजवळ जमीन होती. पूर्वी भातशेती, मग गोडाऊनं, त्यांच्या भाड्यावर घर छान चाललेलं. त्या मोठ्या पार्कात तोही जाऊन आला आणि आपणही असं काढावं असं त्याच्या मनानं घेतलं. कुठून कुठून जुने पाळणे आणले, रंगवले, कुंपणाला बोगनवेल लावली. कोर्टाच्या कामातून काकांची त्याच्याशी ओळख होती. एक दिवस तो घरी आला.

"काका, तुमी शिकलेलं मानूस. कुठल्या पालन्याला काय पाटी लावायची ती तुमीच सांगा. मला त्यातला काय कलत न्हाय."

काकांना हेच हवं होतं. ते रोज शेअर रिक्षानं मानकोलीला जायला लागले. पाळणे सुरू व्हायच्या आधीपासून नुसत्या पाट्या. आता मोजपट्टी पुन्हा बदलली होती. झटका जुना झाला. आता एखाद्या पाळण्यातून उतरल्यावर किती माणसं ओकतात त्यावरून त्याचा दर्जा. ही अतिशयोक्ती नाही. शेठ चाचणीला गोडाऊनातल्या हमालांना पाळण्यात बसवायचा, काका बाकड्यावर बसून बघायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे. बोटीत बसून कोणी ओकेना झालं तेव्हा त्यांनी बोट 'थ्रिल'मधून काढून 'फॅमिली'त टाकली. शेठनं पाटी बदलली. आईनं ताटावरून उठून काकांना म्हटलं, "भाऊजी, जेवताना तरी नको." त्यांना तिचा राग आला.

उद्घाटनाला सगळ्यांना बोलावलं होतं. काकूला आणायला रिक्षा पाठवली. ती काठी टेकत आत आली, थेट आकाशपाळण्याकडे गेली. तिथे पाटी. फॅमिली. आणि खाली बारीक अक्षरात सूचना. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि पायाने अधू व्यक्तींस मनाई. 'अधू व्यक्तींस' हा शब्दप्रयोग कोर्टातलाच. ते कोणी लिहिलं ते विचारावं लागलं नाही. पाळण्यावरचा माणूस ओशाळून म्हणाला, "ताई, न्हाय बसता येनार. काकांनी सांगितलंय."

काका पलीकडेच उभे होते. काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको अशी, आणि दुसऱ्या कोणाशी बोलायला वळले.

मी पुढे होणार तेवढ्यात शेठची आई आली. ठेंगणी, लुगड्यातली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. तिनं सगळं बघितलं होतं. "काय झाला?" तिनं पाळणेवाल्याला विचारलं. त्यानं पाटी दाखवली.

"मला वाचता येत न्हाय," म्हातारी म्हणाली. "काय लिवलंय?"

त्यानं सांगितलं.

"जमीन कोनाची हाय?"

"तुमची, आजी."

"मंग? दार उघड. चल गो बाय, मी पन कदी बसले न्हाय." तिनं काकूच्या काखेत हात घालून तिला आत बसवलं. काकूचा तो पाय दुमडेना, तर म्हातारीनं तो सरळ आपल्या मांडीवर घेतला. मला हाक मारली, "तू पन ये." मी समोर बसले. दार लागलं.

पाळणा वर गेला. तो जुनाट होता, कुरकुरत होता, मला त्याची भीतीच वाटत होती. काकूनं दांडी घट्ट धरली होती आणि मान लांब करून बघत होती. सगळ्यात वर पोचल्यावर पाळणा जरा थांबला.

"दिसते का खाडी?" मी विचारलं.

तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळीकडे गोडाऊनांचे पत्रे, ट्रकांच्या रांगा, लांबवर धूर. "नाही गं," ती म्हणाली. "पत्रेच पत्रे." मग चेहरा वाऱ्याकडे करून, "वारा मात्र छान आहे."

म्हातारी तर डोळे गच्च मिटून बसली होती. "झाला का? झाला का?" एवढंच विचारत होती. काकू तिचा हात धरून हसायला लागली. मग म्हातारीही हसायला लागली, डोळे मिटूनच. आम्ही खाली आलो तरी त्या दोघी हसत होत्या. म्हातारी पाळणेवाल्याला म्हणाली, "फिरव परत."

दुसऱ्या दिवशी काका मानकोलीला गेले आणि आकाशपाळण्याला 'फॅमिली'तून काढून 'किड्स'मध्ये टाकलं. माझ्या कानावर आलं ते असं, की ते शेठला म्हणाले, "जिथं अधू बाई बसते त्याला दर्जा काय राहिला?"

हे काकूलाही कळलं. मानकोलीहून म्हातारीनंच कोणाकरवी तिला निरोप धाडला होता. त्यावर ती बोलली ती काकांच्या एकसष्टीला.

घरात मांडव घातला होता, कोर्टातली, आळीतली सगळी माणसं आली होती, शेठही आला होता. ओवाळून झालं, शाल पांघरली, कोणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं. काका उभे राहिले आणि अपेक्षेप्रमाणे पाळण्यांवर घसरले. आपण कसे पहिल्यापासून वर्ग करत आलो, जग कसं नंतर त्याच वाटेनं आलं. मग म्हणाले, "त्याची किंमत आमच्या घरानं मोजली. आमच्या मंडळी प्रथम वर्गाच्या पाळण्यातून पडल्या..."

"नाही," काकू म्हणाली.

ती खुर्चीत बसली होती, पाय समोर स्टुलावर. मोठ्यानं बोलली नाही, पण मांडवात शांतता होती.

"द्वितीय वर्गाच्या. बायकांच्या पाळण्यातून पडले मी. मला पहिल्यात बसायचं होतं, तुम्ही नाही म्हणालात. तुम्हीच बसवलंत. आणि पडल्यावर तो वर गेला, मी तिथेच राहिले."

बाबांनी घसा खाकरला. आई पटकन म्हणाली, "पानं वाढलीत, चला." लोक सुटका झाल्यासारखे उठले. काका शाल सावरत उभे होते. त्यांनी बाबांना विचारलं, अगदी प्रामाणिकपणे, "हिला काय झालं?"

हे एक वाक्य मी कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांनंतरही त्यांना काही समजलेलं नव्हतं. त्यांना लाज वाटली नाही, रागही आला नाही. त्यांना फक्त तिचा वर्ग लागेना.

पार्क फार चाललं नाही. पाळणे कुरकुरायला लागले. त्या जागेवर पाळण्यांपेक्षा गोडाऊनाला भाव होता. शेठनं बोगनवेल उपटली आणि पत्रे ठोकले. काका घरी बसले. वर्गवारी करायला काही उरलं नाही म्हणून ते डॉक्टरांची करायला लागले, आणि त्यातल्या प्रथम वर्गातल्या डॉक्टरच्या हातून काही दिवसांच्या आजारानंतर गेले. आळीतली माणसं भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मोठा शिस्तीचा माणूस होता." मी चहा देत होते. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये असं सगळे मानतात. मी बोलले नाही, पण मनातलं काही कमीही झालं नाही.

काकांचे दिवस झाले आणि काकूनं कपड्याची एक पिशवी भरली. "कुठे?" आईनं विचारलं.

"मानकोलीला. आजींनी बोलावलंय. चार दिवस राहून येते."

"त्यांच्याकडे? अगं, ते लोक..." आई अडखळली. "त्यांच्याकडे सगळं खातात. आळीत काय म्हणतील?"

"म्हणू देत," काकू म्हणाली.

आळीत म्हणालेच. कोर्ट कारकुनाची विधवा आगऱ्यांच्या घरी राहायला जाते, हे गावानं बरेच दिवस चघळलं. काकांनी पाळण्यांचे वर्ग केले तेव्हा ज्यांना त्यात हुशारी दिसली होती, तीच ही माणसं. माणसांचे वर्ग तर त्यांना पाठच होते.

मी तिला धामणकर नाक्यापर्यंत सोडायला गेले. शेअर रिक्षात पुढे जागा होती. तिचा पाय लांब ठेवायला तीच बरी पडायची. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, आगे बैठो." ती बसली, काठी मला आत द्यायला लावली, पिशवी मांडीवर घेतली. चार दिवसांचं सांगून ती महिनाभर राहिली. मग दर थोड्या दिवसांनी जायला लागली. परत यायची तेव्हा तिच्या पिशवीला सुकटीचा वास यायचा, आणि आई ती पिशवी लांबूनच उचलून मागच्या दोरीवर टांगायची.